टाकीतले औषध : मुंबईतील एका सोसायटीच्या पिण्याच्या पाण्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील, खाडीपासून फार लांब नसलेल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे आहे. संस्था किंवा माणसे ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. सात मजल्यांच्या दोन विंग, चौऱ्यांशी सदनिका आणि बहुतेक कुटुंबे पहिल्यापासून तेथेच राहणारी, एवढे सांगणे पुरेसे आहे. पाणी शुद्धीकरणाच्या कामाचा अनुभव असल्यामुळे प्रस्तुत लेखकाला कमिटीने सल्ल्यासाठी बोलावले, परंतु तोवर वाद बराच पुढे गेला होता. त्यामुळे सुरुवातीचा भाग सेक्रेटरी, पंपचालक आणि दोन्ही विंगमधील रहिवाशांनी दिलेल्या माहितीवर आधारलेला आहे.

ऊर्ध्व वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांचे पाणी प्रामुख्याने भांडुप आणि पांजरापूर येथे गाळून, क्लोरीन देऊन मुंबईत सोडले जाते. हे पाणी मृदू असते आणि त्यात विरघळलेले क्षार फार कमी असतात. शहराच्या बहुतेक भागांत ते ठराविक वेळेतच येत असल्यामुळे प्रत्येक इमारतीला जमिनीखाली साठवण टाकी आणि गच्चीवर दुसरी टाकी ठेवावी लागते. महापालिकेच्या वाहिनीतून आलेले पाणी घरातील नळापर्यंत पोहोचेपर्यंत बारा-पंधरा तास, कधी त्याहून अधिक काळ, सोसायटीच्या ताब्यात असते. या काळात त्याचे जे होते, त्याची जबाबदारी सोसायटीचीच असते, आणि या प्रकरणातील जवळपास सर्व घडामोडी याच तासांतल्या आहेत.

या संस्थेची जमिनीखालची टाकी सुमारे ८०,००० लिटरची आहे. प्रत्येक विंगच्या गच्चीवरील टाकीचे दोन कप्पे आहेत, एक पिण्या-वापरण्याच्या पाण्याचा आणि दुसरा फ्लशचा. फ्लशसाठी आवारातील बोअरवेलचे पाणी वापरले जाते.

समस्या कशी उभी राहिली

पावसाळा सुरू झाल्यावर काही घरांत जुलाब-उलट्यांचे रुग्ण निघाले आणि एका घरात काविळीचे निदान झाले. पाणी बंद असण्याच्या तासांत वाहिनीत दाब राहत नाही आणि गळतीच्या जागेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते. पावसाळ्यात हा धोका वाढतो, हे मुंबईकरांना वेगळे सांगावे लागत नाही. कमिटीने तातडीने निर्णय घेतला की रोज रात्री खालच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकावी. ठराव तोंडी झाला, मात्रा ठरली नाही.

पंपचालकांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी गावी ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरच, टाकताना पाहिले होते, त्यामुळे ‘पाण्यात औषध टाकणे’ त्यांना नवीन नव्हते. मापासाठी त्यांनी श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला आणि रोज दोन डबे पावडर मॅनहोलमधून कोरडीच टाकीत सोडू लागले. किती टाकता असे विचारल्यावर त्यांनी सरळ उत्तर दिले, “साहेब, नळाला वास आला म्हणजे औषध लागलं.”

पुढे डबा काट्यावर ठेवला तेव्हा त्यात सुमारे पाऊण किलो पावडर मावत असल्याचे दिसले. ताज्या पावडरीत वजनाच्या साधारण ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. दीड किलो पावडर म्हणजे जवळपास ५०० ग्रॅम क्लोरीन, आणि तो ८०,००० लिटरमध्ये टाकला की मात्रा लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या वर जाते. मुळात क्लोरीन असलेल्या पाण्याला पुन्हा लिटरमागे एक मिलिग्रॅम देणे बहुतेक वेळा पुरते, आणि त्यासाठी या टाकीला ताजी पावडर पाव किलोच्या आतच लागते. अर्थात गोणी पंपरूममध्ये उघडी असल्यामुळे पावडरीचा कस रोज उतरत होता, म्हणजे प्रत्यक्षात किती क्लोरीन पडत होता हे कोणालाही ठाऊक नव्हते, मामांनाही नाही आणि कमिटीलाही नाही.

महिनाभरात वासाच्या तक्रारी वाढल्या, आंघोळीच्या वेळी डोळे चुरचुरू लागले आणि बी विंगमधील एका सदस्याने सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले की क्लोरीनमुळे पाण्यात कर्करोगकारक रसायने तयार होतात आणि कमिटी ती रोज आपल्या टाकीत बनवत आहे. त्यांच्या घरी सून गरोदर होती, त्यामुळे त्यांची काळजी केवळ वादासाठी नव्हती. दुसऱ्या दिवशी पावडर ताबडतोब बंद करावी अशी लेखी मागणी आली आणि तिच्यावर एकवीस सह्या होत्या. काविळीचा रुग्ण असलेल्या कुटुंबाने त्याला तितक्याच ठामपणे विरोध केला.

मागणीमागील विज्ञान

मागणी करणाऱ्यांचे मूळ विधान खोटे नव्हते. १९७४ साली नेदरलँड्समधील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिले की नैसर्गिक पाण्यातील सेंद्रिय द्रव्याशी, म्हणजे कुजलेल्या पानापाचोळ्यातून विरघळलेल्या ह्युमिक पदार्थांशी, क्लोरीनची अभिक्रिया होऊन क्लोरोफॉर्म आणि त्याच्या जातीची संयुगे तयार होतात. या चार संयुगांना एकत्रितपणे ट्रायहॅलोमीथेन म्हणतात: क्लोरोफॉर्म, ब्रोमोडायक्लोरोमीथेन, डायब्रोमोक्लोरोमीथेन आणि ब्रोमोफॉर्म. त्यांच्या जोडीला हॅलोॲसिटिक आम्ले आणि इतर अनेक उपपदार्थही असतात. क्लोरीन जितका जास्त, सेंद्रिय द्रव्य जितके जास्त, पाणी जितके कोमट आणि साठवणीचा काळ जितका मोठा, तितके ट्रायहॅलोमीथेन वाढतात. पाण्याचा सामू (पीएच) वाढला तरीही ते वाढतात, आणि ब्लीचिंग पावडरीतील चुना मृदू पाण्याचा सामू सहज वर नेतो. मुंबईच्या ऑगस्टमधील उकाड्यात गाळ साठलेल्या टाकीत रोज दीड किलो पावडर टाकणे म्हणजे यातील जवळपास प्रत्येक घटक एकाच वेळी वाढवण्यासारखे होते.

धोक्याचा आकार किती, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्म आणि ब्रोमोडायक्लोरोमीथेन यांना ‘२ बी’ गटात, म्हणजे माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवले आहे. क्लोरीनयुक्त पिण्याच्या पाण्याचे मूल्यमापन तिने १९९१ मध्ये केले तेव्हा वर्गीकरणासाठी पुरावा अपुरा ठरवून ते गट तीनमध्ये ठेवले. लोकसंख्येवरील अभ्यासांत सर्वांत सातत्याने दिसणारा संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाशी आहे, आणि तो अनेक दशके असे पाणी वापरणाऱ्यांत दिसतो. गर्भावस्थेतील परिणामांविषयीचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. बाळाच्या वजनावर परिणाम आढळला तेथेही तो लहान आहे. दूषित पाण्यातून येणारी कावीळ किंवा अतिसार मात्र काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत दिसतो, आणि हेपटायटिस ई ची कावीळ गरोदर स्त्रीला तर विशेष घातक ठरू शकते. ही शेवटची बाब बैठकीत सांगितल्यावर सह्या करणाऱ्या कुटुंबाचा सूर पहिल्यांदा बदलला, कारण ज्या सुनेच्या काळजीपोटी पावडर बंद करण्याची मागणी झाली होती, तिच्यासाठीच निर्जंतुक न केलेले पाणी सर्वांत धोक्याचे होते.

मर्यादांविषयीही गैरसमज होता. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत क्लोरोफॉर्मसाठी ०.२, ब्रोमोडायक्लोरोमीथेनसाठी ०.०६, तर डायब्रोमोक्लोरोमीथेन आणि ब्रोमोफॉर्मसाठी प्रत्येकी ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर अशी कमाल मर्यादा आहे. शिल्लक क्लोरीन, म्हणजे अभिक्रिया होऊनही पाण्यात उरलेला क्लोरीन, मात्र किमान ०.२ मिलिग्रॅम असलाच पाहिजे आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर किमान ०.५. एकाच मानकाने एका पदार्थाला वरून आणि दुसऱ्याला खालून मर्यादा घातली आहे. व्हॉट्सॲपवरील संदेशांत यातली पहिली बाजूच फिरत होती. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिकाही हीच आहे की उपपदार्थ कमी करण्याच्या प्रयत्नात निर्जंतुकीकरणात तडजोड होता कामा नये.

पर्याय

विशेष बैठकीत चार पर्याय मांडले गेले. पहिला, पावडर पूर्ण बंद करणे. दुसरा, आहे तसे पावसाळा संपेपर्यंत चालू ठेवणे. याकडे अध्यक्षांचा कल होता, कारण पावडर सुरू केल्यापासून नवे रुग्ण कमी झाले होते. तिसरा, संपूर्ण सोसायटीसाठी एक मोठे शुद्धीकरण यंत्र बसवणे. चौथा, आधी मोजायचे आणि मग ठरवायचे, हा लेखकाचा आग्रह होता. तो कोणालाच फारसा पसंत नव्हता, कारण त्यात तात्काळ काही केल्याचे समाधान मिळत नाही.

तिसऱ्या पर्यायावर जास्त वेळ गेला. एका विक्रेत्याने आरओचा, म्हणजे पडद्यातून गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राचा, प्रस्ताव दिला होता आणि प्रात्यक्षिकासाठी टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मोजणारी पेन खिशात ठेवली होती. मुंबईच्या तलावांचे पाणी मुळातच इतके हलके असते की त्याला क्षार काढण्याची गरज नसते. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये जेथे विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. शिवाय त्या पेनला ट्रायहॅलोमीथेन दिसत नाहीत. तरीही पुढे हीच पेन उपयोगी पडली, त्याविषयी खाली येईलच.

त्याच विक्रेत्याचा दुसरा प्रस्ताव होता खालच्या टाकीनंतर सक्रिय कोळशाचा मोठा फिल्टर बसवण्याचा. कोळसा क्लोरीन आणि बरेचसे ट्रायहॅलोमीथेन शोषून घेतो हे खरे आहे, पण अडचणही तेथेच आहे. क्लोरीन काढलेले पाणी पुढे गच्चीवरच्या टाकीत आणि उभ्या वाहिन्यांत तासन्‌तास निःशस्त्र उभे राहते, आणि कोळशाच्या थरावर जिवाणू चांगले वाढतात. क्लोरोफॉर्मसाठी कोळशाची क्षमता लवकर संपते. फिल्टर वेळेवर बदलला नाही तर तो नावापुरता उरतो. कोळशाचा फिल्टर स्वयंपाकघरातल्या शेवटच्या नळावर योग्य आहे, इमारतीच्या मध्यावर नाही, असा सल्ला दिला आणि तो मान्य झाला.

बैठकीत पेरू देशाचा उल्लेखही निघाला. १९९१ मध्ये तेथे आलेल्या पटकीच्या साथीला क्लोरीन बंद केल्याचे कारण होते, असे अनेकदा सांगितले जाते. नंतरच्या अभ्यासकांनी ते तितके सरळ नसल्याचे म्हटले आहे, कारण तेथील पाणीव्यवस्थाच मोडकळीस आलेली होती. म्हणून हे उदाहरण वापरू नये असे सुचवले. चौऱ्यांशी घरांचा निर्णय घेण्यासाठी चौऱ्यांशी घरांची मापे पुरेशी होती.

पहिली तपासणी आणि तिचा घोळ

कमिटीने बैठकीपूर्वीच एका खासगी प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेतली होती. एका सदस्याने मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत गच्चीवरचे पाणी भरून नेऊन दिले. अहवालात सामू, गढूळपणा, कठीणपणा, क्षार आणि कोलिफॉर्म (सांडपाण्याच्या दूषिततेची खूण मानले जाणारे जिवाणू) एवढेच होते आणि शेवटी ‘पिण्यास योग्य’ असा शेरा. दोन्ही बाजूंनी तोच कागद एकमेकांना दाखवला. एका बाजूचे म्हणणे, पाणी योग्य आहे मग पावडर कशाला. दुसरीचे म्हणणे, पावडरीमुळेच योग्य आहे.

त्या तपासणीत ट्रायहॅलोमीथेन नव्हतेच, आणि असते तरी त्या बाटलीतून काही कळले नसते. हे पदार्थ हवेत उडून जाणारे असतात, म्हणून नमुना काचेच्या छोट्या बाटलीत वर हवेचा बुडबुडाही राहणार नाही असा काठोकाठ भरावा लागतो. बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेटसारखे द्रव्य घालून क्लोरीन निष्प्रभ करावा लागतो, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतच नवे उपपदार्थ तयार होत राहतात. आणि नमुना थंड ठेवून लवकर पोहोचवावा लागतो. मोजणी गॅस क्रोमॅटोग्राफवर होते. अशी सोय असलेली प्रयोगशाळा निवडणे आणि तिच्याच माणसाकडून नमुने घ्यायला लावणे, हे पहिले ठोस पाऊल ठरले.

येथे एक निर्णय महत्त्वाचा होता. कमिटीला आधी टाक्या धुऊन मग नमुने द्यायचे होते, म्हणजे अहवाल चांगला येईल. लेखकाने उलट क्रम सुचवला, कारण धुतलेल्या टाकीतून रोज लोक काय पीत होते ते कळणार नव्हते. सेक्रेटरींनी बराच विचार करून ते मान्य केले. पुढचा सगळा उलगडा या एका संमतीमुळे झाला.

मोजमाप

प्रयोगशाळेची वाट पाहताना शिल्लक क्लोरीन जागेवरच मोजला. क्लोरोस्कोपच्या, म्हणजे रंगावरून क्लोरीन मोजण्याच्या संचाच्या, नळीत खालच्या टाकीचे पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकले, तर फिकट पिवळ्याऐवजी रंग थेट नारिंगी झाला; पट्टीवर त्या रंगाची खूणच नव्हती. महापालिकेच्या वाहिनीतून येणाऱ्या पाण्यात मात्र, टाकीत पडण्यापूर्वी, ०.५ च्या आसपास क्लोरीन मिळाला. पुढचे दिवस क्लोरीन तपासणीच्याच डीपीडी नावाच्या गोळ्या वापरल्या, कारण त्या अधिक नेमक्या आहेत आणि ऑर्थोटोलिडिन हाताळणे स्वतःच फारसे सुरक्षित नाही.

विचित्र होते ते गच्चीवर. दोन्ही विंगना एकाच टाकीतून, एकाच पंपाने पाणी जात असूनही ए विंगच्या नळाला क्लोरीन भरपूर होता आणि बी विंगच्या नळाला जेमतेम. तेव्हा विक्रेत्याची पेन आठवली. ए विंगच्या पाण्याचा टीडीएस महापालिकेच्या पाण्याइतकाच भरला. बी विंगचा त्याच्या सुमारे चौपट. खालून एकच पाणी वर गेले असताना गच्चीवर त्यात क्षार येतात कोठून?

उत्तर गच्चीवरच्या पाइपांच्या जंजाळात होते. उन्हाळ्यातील पाणीकपातीच्या काळात प्लंबरकडून एक जोडणी करून घेतली होती, की गरज पडल्यास बोअरवेलचे पाणी वापराच्या कप्प्यात घेता यावे. कपात संपली, जोडणी राहिली. तिचा व्हॉल्व्ह बंद दिसत होता, पण त्याची जागा झिजली होती आणि फ्लशच्या लाइनचे पाणी रात्रंदिवस पिण्याच्या कप्प्यात झिरपत होते. बोअरवेलच्या कच्च्या पाण्याचा स्वतंत्र नमुना पाठवला. त्यात कोलिफॉर्म निघाले.

प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा ट्रायहॅलोमीथेनचे चित्रही याला जुळले. वाहिनीतून येणाऱ्या पाण्यात त्यांचे प्रमाण मर्यादेच्या खूप खाली होते. ए विंगमध्ये क्लोरोफॉर्म वाढलेला होता, पण मर्यादेच्या आत. बी विंगमध्ये क्लोरोफॉर्म ए विंगपेक्षाही कमी होता आणि ब्रोमीन असलेली संयुगे मात्र ठळक होती. याचे कारण समुद्रात आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. खाडीजवळच्या बोअरवेलमध्ये खारे पाणी शंभरात एक भाग शिरले तरी लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक ब्रोमाइड येते. क्लोरीन त्याचे हायपोब्रोमस आम्लात रूपांतर करतो आणि हे आम्ल सेंद्रिय द्रव्याशी क्लोरीनपेक्षा लवकर जोडले जाते.

बी विंगचा अहवाल ओळीओळीने वाचला तर प्रत्येक पदार्थ आपापल्या मर्यादेत होता, आणि अध्यक्षांनी तो तसाच वाचून दाखवला. परंतु चारही संयुगे एकत्र असतील तेव्हा प्रत्येकाचे त्याच्या मार्गदर्शक मूल्याशी गुणोत्तर काढून सर्वांची बेरीज एकच्या आत असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. ब्रोमोडायक्लोरोमीथेन तीन चतुर्थांशाला पोहोचलेले, डायब्रोमोक्लोरोमीथेन एक तृतीयांशाच्या आसपास, क्लोरोफॉर्म पाव. एवढ्यानेच बेरीज एकच्या पुढे जात होती. गटावर संदेश टाकणाऱ्या सदस्यांची भीती बी विंगपुरती खरी ठरली, फक्त तिचे कारण त्यांनी दिले त्याहून वेगळे निघाले: नुसती पावडर नव्हे, तर पावडर आणि बोअरवेलचे पाणी यांची भेट.

केलेली कृती

सर्वांत आधी बी विंगमधील जोडणी कापून दोन्ही टोके कायमची बंद केली. व्हॉल्व्ह बदलून भागेल असे प्लंबरचे म्हणणे होते. ते मान्य केले नाही, कारण पिण्याच्या आणि फ्लशच्या पाण्यामध्ये फक्त एक व्हॉल्व्ह असणे ही रचनाच चुकीची आहे. त्यानंतर तिन्ही टाक्या रिकाम्या केल्या. खालच्या टाकीच्या तळाशी करडा, पेठेसारखा घट्ट थर होता: न विरघळलेल्या पावडरीचा चुना, वाहिनीतून आलेली माती आणि हवेच्या पाइपातून पडलेला पाचोळा. त्या पाइपाच्या तोंडाला जाळी नव्हती.

सफाईच्या ठेकेदाराने चुन्याचा थर काढण्यासाठी ॲसिडचे कॅन आणले होते. ते गेटवरूनच परत पाठवले. ब्लीचिंग पावडरीच्या गाळावर ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंदिस्त टाकीत तो जीव घेऊ शकतो. थर हाताने खरवडून काढला, पंख्याने हवा खेळती ठेवून आणि वर एक माणूस सतत उभा ठेवून.

पावडर बंद केली नाही. पावसाळा संपेपर्यंत खालच्या टाकीत मोजून औषध द्यायचे ठरले, पण रोज आधी वाहिनीचा आणि टाकीचा क्लोरीन तपासून, ०.५ च्या वर असेल त्या दिवशी काहीच टाकायचे नाही. श्रीखंडाच्या डब्याची जागा खुणा केलेल्या मापाने घेतली, पावडर आधी बादलीत कालवून वरचे निवळलेले पाणी तेवढे टाकीत जाऊ लागले आणि गोणीऐवजी लहान, झाकणबंद पाकिटे आली. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटचा विचार झाला होता, परंतु पंपरूम दुपारी तापते आणि उष्णतेत तो द्रव लवकर कमजोर होऊन त्यात क्लोरेट हा नको असलेला उपपदार्थ वाढतो; जागतिक आरोग्य संघटनेने क्लोरेटसाठीही लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमचे मूल्य दिले आहे. रोजच्या नोंदीची वही मामांकडे दिली. दुसऱ्या आठवड्यापासून ते रंग पाहून आकडा अचूक सांगू लागले, आणि वहीतली अक्षरेही त्यांचीच आहेत.

घरांसाठी सूचना मोजक्याच दिल्या. पिण्याचे पाणी उकळताना झाकण काढून ठेवावे, म्हणजे ट्रायहॅलोमीथेनचा मोठा भाग वाफेबरोबर निघून जातो. ही संयुगे श्वासातून आणि त्वचेतूनही शरीरात जातात. बंद न्हाणीघरात गरम पाण्याने केलेल्या लांबलचक आंघोळीतून मिळणारी मात्रा पिण्यातून मिळणाऱ्या मात्रेइतकी, कधी अधिकही असू शकते. म्हणून गिझर चालू असताना खिडकी किंवा एक्झॉस्ट उघडा ठेवावा. गरोदर स्त्री असलेल्या घराने स्वयंपाकघराच्या नळावर कोळशाचा फिल्टर बसवला आणि काडतूस बदलण्याची तारीख त्यावर चिकटवली.

परिणाम

काम पूर्ण झाल्यावर महिन्याभराने त्याच प्रयोगशाळेकडून, त्याच पद्धतीने नमुने घेतले. बी विंगचा टीडीएस ए विंगइतका आला, ब्रोमीनयुक्त संयुगे जवळपास दिसेनाशी झाली आणि दोन्ही विंगमध्ये गुणोत्तरांची बेरीज निम्म्याच्याही खाली आली. शेवटच्या मजल्यावरील नळाला सकाळी ०.२ ते ०.५ या दरम्यान क्लोरीन मिळू लागला. वासाच्या तक्रारी थांबल्या. ऑक्टोबरपासून महापालिकेच्या पाण्यातील क्लोरीनच पुरत असल्यामुळे बहुतेक दिवशी वहीत ‘टाकले नाही’ अशी नोंद आहे. नवे रुग्ण निघाले नाहीत. मात्र पावसाळाही संपत आला होता, त्यामुळे त्याचे सगळे श्रेय दुरुस्तीला देणे योग्य होणार नाही.

वेगळे काय करता आले असते

लेखकाच्या मते सर्वांत मोठी संधी पहिल्याच आठवड्यात हुकली. रुग्ण कोणत्या घरांत आहेत याची यादी कोणी केली नाही. नंतर विचारपूस केली तेव्हा लक्षात आले की बहुतेक रुग्ण बी विंगमधले होते. एका कागदावर सदनिका क्रमांक लिहून काढले असते, तर संशय महापालिकेच्या वाहिनीऐवजी बी विंगच्या टाकीवर गेला असता, झिरपणारा व्हॉल्व्ह जूनमध्येच सापडला असता आणि महिनाभर सर्वांच्या पाण्यात दीड-दीड किलो पावडर टाकण्याची वेळ आली नसती. त्या पावडरीने रुग्ण कदाचित खरोखरच कमी केले. पण तिने मूळ गळतीही झाकून ठेवली, कारण कोलिफॉर्मची तपासणी पावडर सुरू झाल्यावर झाली आणि ती निर्दोष आली.

पाणीकपातीत केलेल्या जोडणीचीही नोंद कोठेच नव्हती. जुनी कमिटी बदलली, प्लंबर बदलला आणि ती जोडणी कोणाच्याच लक्षात राहिली नाही. तात्पुरत्या जोडणीसाठी तारीख घालून ठराव केला असता आणि ती काढल्याची सही घेतली असती, तर हे टळले असते. संस्थेने आता दोन्ही गच्च्यांवरील पाइपांचा आराखडा काढून घेतला आहे आणि फ्लशच्या लाइनला वेगळा रंग दिला आहे.

हॅलोॲसिटिक आम्लांची तपासणी या वेळी करून घेतली नाही. ती उकळल्याने ट्रायहॅलोमीथेनसारखी उडून जात नाहीत आणि त्यांची मोजणी अधिक खर्चाची असते. जोडणी कापल्यावर आणि मात्रा उतरल्यावर त्यांचे प्रमाणही घटले असणार असे मानून कमिटीने तो खर्च पुढे ढकलला. हे अनुमान वाजवी आहे, मोजमाप नव्हे. पुढच्या जुलैत, तलावांत नवे पाणी येऊन पाचोळ्याचे सेंद्रिय द्रव्य सर्वाधिक असते त्या आठवड्यांत, दोन्ही विंगमधून त्यांचे नमुने घ्यावेत असे सुचवले आहे, आणि त्यासाठीची रक्कम वार्षिक सभेच्या अंदाजपत्रकात टाकी सफाईच्या ओळीखाली वेगळी दाखवली आहे.